सर्वजाती सामिलकी मंडळाचा एकुलता विद्यार्थी

पैसा अचानक आला की माणसाला आधी अजीर्ण होतं, आणि अजीर्ण ओसरलं की समता सुचते. हा निसर्गनियम आहे. त्याला अपवाद आढळला तर तो माणूस अजून पुरेसा श्रीमंत झालेला नाही, असं समजावं.

सन १८६३ मध्ये अमरावतीला असंच अजीर्ण झालेलं होतं. तिकडे अमेरिकेत माणसं विकावीत की न विकावीत यावरून गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली, तिथला कापूस बंद पडला, आणि इकडे वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. लोकांनी बैलगाडीच्या चाकांवर चांदीच्या धावा ठोकल्या. (बैलांनी त्याची दखल घेतली नाही, त्यांना ओढायचं तेवढंच होतं.) बाळापूरपासून चांदूर बाजारापर्यंत जो तो त्या लढाईला उदंड आयुष्य चिंतत होता. हजार एकर काळ्या जमिनीचे मालक खुशालराव यांनी तर लढाई थांबू नये म्हणून महादेवावर अभिषेक केला, आणि त्याच आठवड्यात, उरलेल्या उत्साहात, मनुष्यमात्र समान आहे असं जाहीर करून अमरावतीत एक विद्यालय काढलं.

विद्यालयात पंतोजी तयार होत. वर्षभर शिकायचं, फाल्गुनात परीक्षा द्यायची, पास झाल्यावर सनद घ्यायची आणि कुठल्यातरी गावच्या शाळेवर रुजू व्हायचं. अकोल्याच्या मोठ्या साहेबांचा हुकूम होता की ज्या विद्यालयात सर्व जातींना प्रवेश असेल, त्यालाच सरकारी मदत मिळेल. मदतीचं नाव निघताच विद्यालयात समतेची भावना इतकी उसळली की तिला आवर घालण्यासाठी ‘सर्वजाती सामिलकी मंडळ’ स्थापावं लागलं.

मंडळात अकरा सभासद होते. विविधतेची काळजी एवढी घेतली होती की देशस्थ, कोकणस्थ आणि कऱ्हाडे असे तिन्ही प्रकारचे ब्राह्मण त्यात होते. शिवाय एक सभासद घाऱ्या डोळ्यांचे होते आणि एकांना ऐकू कमी येई. अध्यक्ष खुशालराव हे शेतकरी, म्हणजे गरिबांचे प्रतिनिधी. चिटणीस वामनराव, पुण्याहून आणलेले मुख्य पंतोजी. विद्यार्थ्यांतर्फे भगवंत नावाचा तरुण होता. समतेवर बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी येई. (उपरण्याने ते पुसल्याच्या नऊ नोंदी दप्तरात आहेत.)

पहिल्या तीन सभांत मंडळाने समतेची व्याख्या केली. चौथीत ती अकोल्यास पाठवली. पाचव्या सभेत असं लक्षात आलं की सामील करून घ्यायला कोणीच नाही.

त्याच सुमारास पुंजाराम दारात उभा राहिला.

पुंजाराम तिवश्याकडच्या एका खेड्यातला महार. वय बावीस. पलटणीत राहून आलेल्या मामाने त्याला अक्षरओळख करून दिली होती, पुढचं त्याने स्वतःच उकरून काढलं होतं. गेल्या दौऱ्यात साहेबांचा तंबू त्याच्या गावाबाहेर पडला, तेव्हा तो धीर करून पुढे झाला आणि महारवाड्यासाठी शाळा मागितली. साहेब दुभाष्यामार्फत म्हणाले, पंतोजी कोण होणार? पुंजाराम म्हणाला, मी. साहेब म्हणाले, पाडव्यापर्यंत सनद आण, शाळा तुझ्या गावाला. नाही आणलीस तर ती दुसऱ्या गावाला जाईल. महारवाड्यात तेवीस पोरं होती. त्या दिवसापासून ती तेवीसच्या तेवीस पुंजारामाला ‘मास्तर’ म्हणू लागली आणि पुंजारामाची झोप गेली.

निघताना त्याची आई गंगूबाई, जी खुशालरावांच्याच वावरात कापूस वेचायची, म्हणाली, “जाय लेका. पण तिथं तुले बसू देतीन का?”

“कागदावर लिवलं हाये, माय.”

“मंग कागदावर बसशीन काय?”

पुंजाराम हसला होता. अमरावतीत आल्यावर त्याला कळलं की माय थट्टा करत नव्हती.

त्याला प्रवेश तात्काळ मिळाला. बसायला जागा मिळायला मात्र चार दिवस सभा चालली. ठराव सातवा: विद्यार्थ्यास इमारतीत सामील करून घ्यावे. ठराव आठवा: ओसरीवर छप्पर असल्यामुळे ओसरी ही इमारतच होय. ठराव नववा: वारा पश्चिमेचा असल्याने विद्यार्थ्याने पूर्वेच्या तिसऱ्या खिडकीबाहेर बसावे, म्हणजे विद्या आतून बाहेर जाईल व बाहेरून आत काही येणार नाही. तिन्ही ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाले. पुंजाराम खिडकीबाहेर उभा राहून ऐकत होता. टाळ्या वाजल्या तेव्हा आपणही वाजवाव्यात की काय, हे त्याला कळेना.

मग पाटीचा प्रश्न आला. त्याने सोडवलेलं गणित वामनरावांनी तपासायचं कसं? पाटी हातात घ्यावी तर बाट. न घ्यावी तर मदत बंद. यावर भगवंताने चाळीस पानांचा निबंध वाचला. त्याचं म्हणणं असं: कापूस वेचतं कोण? महारणी आणि मांगिणी. तोच कापूस देवापुढच्या वातीत जळतो, त्याचंच सूत जानव्यात जातं. म्हणजे कापूस कोणाच्याही हाताने बाटत नाही. आता या विचाराची पुढची पायरी अगदी समोर होती. एखाद्या अडाण्यानेही तिच्यावर पाय ठेवला असता. पण तेवढ्यात जेवणाची वेळ झाली.

ठराव चौदावा: पाटी मूठभर कापसात धरून उचलावी.

त्याप्रमाणे वामनराव पाटी कापसात धरून उचलू लागले. कापूस मऊ; उचलताना लेखणीची अक्षरं पुसली जात. तीन आठवडे पुंजारामाचं प्रत्येक गणित पंतोजींपर्यंत कोरं पोचलं आणि तीन आठवडे त्याला शून्य मिळालं.

“मास्तरसाहेब,” तो शेवटी खिडकीतून म्हणाला, “कापसानं पुसून राहिलं जी. म्या लिवलं होतं.”

“कापसावर आळ घेतोस?” वामनराव म्हणाले. “कापूस आहे म्हणून हे विद्यालय आहे.”

पण ते सज्जन होते. त्यांनी सुधारणा केली: पुंजारामाने उत्तर मोठ्याने ओरडून सांगावं. तो ओसरीवरून ओरडे, आतले सत्तावीस विद्यार्थी ते पाटीवर उतरून घेत. त्या साली विद्यालयाच्या गणितात झालेली प्रगती मंडळाने ‘भिन्न जातींच्या सहवासाचे सुपरिणाम’ या मथळ्याखाली नोंदवली आहे.

कार्तिकात वेचणी सुरू झाली. खुशालरावांची कोठारं फुटायला आली, तेव्हा त्यांनी विद्यालयाचं दालन कापसाने भरलं. दालन त्यांचंच होतं, कोणी काय बोलणार? वर्ग ओसरीवर भरू लागला. ओसरीवर सत्तावीस जण बसल्यावर अठ्ठाविसावा तिथे बसू शकत नव्हता. रिकामी जागा राहिली फक्त आत, कापसाच्या गाठींवर. आणि कापूस तर बाटत नाही (ठराव चौदावा पाहा). सबब पुंजारामाला आत बसवण्यात आलं. तो आत आहेच तर राखण वेगळी कशाला, म्हणून तेही काम त्याच्याकडे दिलं.

आयुष्यात पहिल्यांदा तो एका मोठ्या घराच्या आत बसला होता. आढ्याला डोकं लागत होतं, नाकात तंतू जात होते, आणि खिडकीबाहेर ओसरीवर भूगोल चालला होता. गाठींवर पालथं पडून, खिडकीच्या गजाला कान लावून तो सारं जग पाठ करत होता.

पौषात अकोल्याचे साहेब तपासणीला आले. पाहतात तो सगळे बाहेर आणि महार तेवढा आत.

“हे कसं?” साहेबांनी विचारलं.

“आमच्याकडे मागे राहिलेल्यास अग्रस्थान असतं, साहेब,” वामनराव म्हणाले.

साहेबांनी पुंजारामाला इंग्रजीत विचारलं की इथे कसं वाटतं. वामनरावांनी त्याचं मराठी केलं.

“गरमीनं जीव जाते जी,” पुंजाराम म्हणाला. “अन् मले सनदीचं सांगायचं होतं—”

“तो म्हणतो, ऊब मिळते,” वामनरावांनी साहेबांना सांगितलं.

अहवाल गेला तो असा: दालनातील एकूण विद्यार्थी एक. पैकी महार एक. प्रमाण शेकडा शंभर. साहेब म्हणाले, हे विलायतेतही आढळणार नाही. मदत दुप्पट झाली.

फाल्गुनात परीक्षा झाली. पुंजारामाला खिडकीतून बेचाळीस प्रश्न विचारले. एक्केचाळिसांची उत्तरं त्याने बरोबर दिली. बेचाळिसाव्यात परीक्षकच चुकले होते, ते त्याने अदबीने सांगितलं. तो पहिला आला. त्याच संध्याकाळी मंडळाची तातडीची सभा बसली.

“उत्तीर्ण केला तर हा जाणार,” वामनराव गंभीरपणे म्हणाले. “हा गेल्यावर पटावर महार किती उरतात?”

भगवंताने बोटांवर मोजून पाहिलं. “शून्य.”

“म्हंजे आपली सामिलकीच बुडाली ना बाप्पा!” खुशालराव ताडकन उठले. “साहेबाले तोंड कोणतं दाखवाचं?”

“दुसरा आणू,” कमी ऐकू येणारे सभासद म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. दुसरा आणायचा म्हणजे पुन्हा ठराव सातव्यापासून.

सामिलकी टिकवायची तर पुंजारामाला नापास करणं भाग होतं. कारण शोधायला वामनरावांना पाव घटकाही लागली नाही. हजेरीचा पट उघडला. दालनात वर्ग भरत होता तेव्हा सदर विद्यार्थी ओसरीवर होता; ओसरीवर वर्ग भरत होता तेव्हा तो दालनात होता. वर्षभरात तो वर्गात एकदाही हजर नव्हता. असा बेजबाबदार माणूस पंतोजी कसा होईल?

ठराव एकतिसावा: पुंजाराम यांस अनुत्तीर्ण करून त्यांचा सत्कार करावा.

सत्काराची शाल दोन हात लांबून फेकण्यात आली. पुंजारामाने ती झेलली नाही. ती खाली पडली.

“मास्तरसाहेब, मले आत तुमीच बसवलं. बाहेरबी तुमीच.”

“आम्ही बसवलं, हे खरंच,” वामनराव म्हणाले. “पण वर्गात तू यायला हवं होतंस.”

“काहून रडून राहिला बे?” खुशालरावांनी समजूत घातली. “साऱ्या वऱ्हाडात तुह्यं नाव गेलं. माह्या पोराचं तरी गेलं काय?”

“नाव नाई पाह्यजे, मालक. सनद पाह्यजे. पाडवा आठ दिवसांवर हाये. तेवीस पोरं वाट पाहून राहिले.”

“तेवीस?” भगवंताने वही उघडली. “सगळे महारच का?”

“मंग काय इंग्रज असतीन?”

पुंजारामाने आपलं नाव पटावरून काढायला सांगितलं. तशी तरतूद नव्हती. तो निघून गेला, नाव राहिलं. त्याची हजेरी लावण्याचं काम वामनरावांनी स्वतःकडे घेतलं, आणि गंमत अशी की विद्यालय सोडल्यावर तो एकही दिवस गैरहजर राहिला नाही.

पाडवा आला आणि गेला. महारवाड्याची शाळा खुशालरावांच्या गावाला मिळाली. तिथे एक होतीच.

पुंजारामाने गावाबाहेर बाभळीखाली तेवीस पोरांना बसवलं आणि बोटाने मातीत अक्षरं काढून शिकवायला लागला. सनद नव्हती, म्हणून पगार नव्हता, पाट्या नव्हत्या, आणि इथून शिकलेल्या पोराला पुढे कुठलंही विद्यालय घेणार नव्हतं. हे त्याने पोरांना सांगितलं नव्हतं.

वैशाखात भगवंत तिवश्याहून दोन कोस उन्हातून चालत आला. बाभळीपासून वीस हात दूर उभं राहून त्याने पोरं मोजली, दोनदा. मग घाम पुसत आनंदाने जाहीर केलं की मंडळाने ही जागा विद्यालयाची शाखा म्हणून मान्य केली आहे. पटावर एक महार होता, आता चोवीस झाले. वाढ शेकडा दोन हजार तीनशे. मंडळाला एक दमडीही खर्च आला नव्हता.

“मंग सनद देसान?” पुंजारामाने विचारलं.

“शाखा चालवणारा स्वतः विद्यालयाचा विद्यार्थी असावा, असा नियम केलाय. तुला सनद दिली तर शाखा मोडते.”

पुंजारामाने खाली वाकून मातीतलं अर्धं राहिलेलं अक्षर पुरं केलं. पोरांनी ते गिरवलं.

“मला फार वाईट वाटतं, पुंजाराम. खरंच.”

“मालूम हाये मले. तुमाले पयल्या दिवसापासून वाटून राहिलं. तेवीस पाट्या पाह्यजे व्हत्या.”

“ठराव मांडतो.”

गंगूबाई झोपडीतून पुढे आली. “उन्हाचे आले दादा. पाणी घेता काय?”

भगवंताला तहान नव्हती. तोंडाला फेस आला होता, पण तहान नव्हती. तो तसाच परत निघाला आणि वाटेत विहीर लागेपर्यंत त्याने समतेवरच्या दुसऱ्या निबंधाचा आरंभ मनातल्या मनात जुळवला.

मंडळ पुढे मोडलं, असं काही लोक म्हणतात. ते खोटं आहे. सभासदांची यादी अजून उघडी आहे. तुम्हाला इथपर्यंत वाचताना वामनरावांचा संताप आला, भगवंताचं हसू आलं, पुंजारामाबद्दल वाईट वाटलं, हो ना? उत्तम. सभासद व्हायला एवढंच लागतं; वर्गणी नाही, बसल्या जागेवरून उठावंही लागत नाही. तुमचं नाव लिहून घेतलं आहे. एक रकाना तेवढा राहिला: तुमच्या घरी, तुमच्या पंगतीत, तुमच्या ताटवाटीत, तुमच्या जातीबाहेरचं शेवटचं कोण जेवलं? आठवून सांगा. घाई नाही. बाकीच्या सभासदांचाही तो रकाना अजून कोराच आहे.