वशिंडामागचा भोवरा

गोकुळ सुतारानं बैलाच्या पाठीवरून शेवटचा काचपेपर फिरवला आणि त्याच क्षणी जानराव दारात येऊन उभा राहिला. एक अर्धा तास उशिरा आला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण जानराव कधी कोणाच्या सोयीनं आला आहे?

बैल लाकडाचा होता, वासराएवढा उंच, कडुनिंबाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेला. उकंडराव पाटलांचा पाखऱ्या बैल म्हातारा होऊन गेला, तेव्हापासून पाटलांचं कशात लक्ष नव्हतं. त्यांनी मोबाइलमधला पोळ्याचा फोटो गोकुळसमोर धरला होता आणि म्हटलं होतं, "मले याच्यासारखा नोको. हाच पाह्यजे." फोटोत पाखऱ्या झूल पांघरून ऐटीत उभा होता. उद्या पोळा. उद्या हा बैल पाटलांच्या दारात उभा राहायचा होता.

गोकुळच्या जनावरांचं गावानं आजवर कधी कौतुक केलेलं नव्हतं. ससा केला तर लोकांना त्यात घूस दिसली. हरीण केलं तर शालिग्रामनं काळजीनं विचारलं, "शेळी बिमार हाय का?" याच शालिग्रामच्या नव्या घराच्या चौकटी अंगणात अर्धवट पडल्या होत्या, आणि तो रोज चकरा मारत होता. शेवटी गोकुळच्या बायकोनं, पुष्पांजलीनं, आवाज न चढवता सांगून टाकलं, "हा बैल वापस आला तं जनावरं बंद. मंग जल्मभर चौकटी अन् पलंग." गोकुळनं मान डोलावली खरी, पण तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. चौकट करताना त्याला घड्याळ दिसायचं. जनावर करताना तो तहानभूक विसरायचा. तेच सुख आता पणाला लागलं होतं.

जानरावची उभी हयात बैलांच्या बाजारात, बैल घेण्या-विकण्यात गेलेली. गावातले लोक पोरीसाठी स्थळ आपल्या मनानं पसंत करायचे, पण बैल जानरावला विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. सवयीप्रमाणे त्यानं दात पाहायला बैलाच्या तोंडात बोटं घातली. तोंड उघडेना, तेव्हा नाइलाजानं तो शिंगांकडे वळला, मग खुरांकडे, मग पाठीकडे. वशिंडाच्या मागं त्याचा हात थबकला.

"हे काय होय बे?"

"लाकडाची गाठ हाय, काका."

"तुह्यासाठी गाठ. बैलाच्या पाठीवर केस असे गोल फिरले का त्याले भोवरा म्हन्तात. अन् वशिंडाच्या मांगं भोवरा म्हन्जे मालकाचं घर बसलं. असा बैल म्या फुकट बी घेतला नाही."

"पन हा लाकडाचा हाय."

"लाकडाचा असो का हाडामासाचा. पाटलाच्या दारात उभा राहीन का नाही?"

गोकुळनं हातातला काचपेपर खाली ठेवेपर्यंत जानराव पारावर पोचलासुद्धा होता.

चहा उकळायलाही वेळ लागतो. गाव त्याआधीच गोळा झालं. एरवी गोकुळच्या अंगणात न फिरकणारी माणसं रांगेनं येऊन गाठीवर बोट ठेवत होती आणि ते बोट लगेच धोतराला, नाहीतर पदराला पुसत होती. बैलाचे डोळे कसे जिवंत उतरले आहेत, मानेखालची पोळी कशी लोंबते आहे, हे कोणाच्या नजरेला पडलं नाही. गोकुळला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

त्यानं पटाशी उचलली. गाठ वरवरचीच असेल, जराशी तासली की गेली, असा त्याचा हिशेब. पण गाठ ती गाठ. जितकं तासावं तितकी ती काळी होत गेली, आणि तिच्याभोवतीची वळणं आणखी ठळक उमटत गेली.

"माय वं," गर्दीतल्या पंचफुलाबाई मागं सरकत म्हणाल्या, "आता तं फिरून बी राह्यला."

पाठीला खड्डा पडू लागला तसा गोकुळनं हात आवरला. पुष्पांजली उंबऱ्यातून हे सगळं पाहत होती. खरं तर तिच्याच मनासारखं होत आलं होतं. पण नवऱ्याचं पडलेलं तोंड तिला बघवेना. ती आत गेली, आपली जुनी जरीकाठी साडी घेऊन आली आणि तिची झूल करून बैलाच्या पाठीवर टाकली.

"उद्या पाटील येतीन, बैल गाडीत ठेवतीन अन् घेऊन जातीन," ती गोकुळच्या कानात म्हणाली. "झूल कोन काढून राह्यलं?"

"झूल घालून बैल दाखवनारे मले चांगले माहीत हायेत," जानराव मोठ्यानं म्हणाला.

इतक्यात उकंडराव आलेच, एक दिवस आधी. हातात लोण्याची वाटी, वर हळद. आज पोळ्याचा आदला दिवस, बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळायचा दिवस, हे गोकुळ साफ विसरला होता.

"खांद शेकाचे हायेत," पाटील म्हणाले. "उद्यापर्यंत दम नाही निंघाला."

ते बैलासमोर बसले. तोंड न्याहाळता न्याहाळता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी खांद्यांना लोणी लावलं, मानेवरून हात फिरवला आणि झुलीचा काठ धरला.

"राहू द्या, पाटील," गोकुळ मधे येत म्हणाला. "नवी हाय झूल."

"काढा, काढा," जानराव पुढं सरसावला. "मंग म्हनसान जानरावनं सांगतलं नाही."

झूल खाली पडली. पाटलांची बोटं गाठीवर जाऊन थांबली. गोकुळच्या डोळ्यांपुढून चौकटी जाऊ लागल्या, एकामागून एक, मरेपर्यंतच्या.

"गोकुळ," पाटील खालच्या आवाजात म्हणाले, "तुले कोनं सांगतलं?"

"काय, पाटील?"

"पाखऱ्याले इथं भोवरा होता म्हनून. म्या घरच्यायले बी सांगतलं नाही. बाजारातून आनला, पयल्यांदा धुवाले झूल काढली, तवा दिसला. लोकं म्हनले असते, इकून टाक. तवापासून चारचौघांत झूल काढलीच नाही. दर साली गोठ्याचं दार लावून खांद शेकत होतो." त्यांनी लोण्याचं बोट गाठीवरून फिरवलं. "पोरी उजवल्या, विहिरीले पानी लागलं. या भोवऱ्यानं काय खाल्लं माह्यं?"

मग त्यांनी सावकाश मान वर केली. "कोनापासून घेतला होता म्या पाखऱ्या, जानराव?"

जानराव टोपी काढून तिच्या आत काहीतरी शोधू लागला. कोणी हसलं नाही. अंगणातल्या अर्ध्या लोकांच्या गोठ्यात जानरावनं दिलेले बैल होते, आणि त्या अर्ध्यांना आत्ताच्या आत्ता घरी जाऊन आपापल्या बैलाची पाठ बघायची होती.

"तुले कसं कळलं, ते सांग," पाटलांनी पुन्हा विचारलं.

गोकुळ खरं तेच सांगणार होता. लाकडाला गाठ होती, त्यात माझं काही नाही. त्यानं तोंड उघडलं, पण पुष्पांजली आधी बोलली.

"त्यायले लाकडातलं जनावर दिसते, पाटील. ते फक्त वरचं लाकूड काढून टाकतात."

पाटलांनी गोकुळला हात जोडले. गोकुळनं लाजून बैलालाच हात जोडले. बैल गाडीत चढला तेव्हा झूल पुष्पांजलीच्या हातात होती. पाटील म्हणाले, आता त्याले झाकाचं काही काम नाही.

अंगण रिकामं झालं, तसा जानराव परत आला. ओट्यावर टेकला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग हळूच म्हणाला, "हात चांगला हाय तुहा, गोकुळ. पन आयक माह्यं. जनावराच्या भानगडीत नोको पडू. आपल्या चौकटीच बऱ्या. शालिग्राम किती दिवसाचा खोळंबला बिचारा."

गोकुळनं घाबरून बायकोकडे पाहिलं. चार दिवसांपूर्वी ती हेच म्हणाली होती.

पुष्पांजलीनं चहाचा कप जानरावपुढं ठेवला.

"चौकटी शालिग्रामभाऊ कुठूनही करून घेतीन, काका. हे आता जनावरंच करतीन. गावात तुमी देलेले बैल कोनते कोनते, अन् कोनाले भोवरा कुठं, तेवढं सांगून जा."