केरोबाची रटाळ फांदी

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांची कामं वेळच्या वेळी होत असत. पण ते फार पूर्वी. आपली गोष्ट त्यानंतरची आहे. तेव्हा सावरून बसा, आणि गृहपाठ राहिला असेल तर राहू द्या.

तिथे केरोबा नावाचा एक धनेश पक्षी राहत होता. भली मोठी पिवळी चोच आणि दरीपलीकडची सांबरं दचकतील असा आवाज. त्याची बायको सगुणा झाडाच्या ढोलीत बसली होती. धनेशांची रीतच तशी. अंडी घालायची वेळ आली की बायको ढोलीत शिरते, चिखलाने आतून दार लिंपते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसंही गळतात. पिल्लू मोठं होईपर्यंत नवऱ्याने उंबरं आणायची आणि फटीतून भरवायची. काम सोपं आहे. कंटाळवाणं आहे, इतकंच.

केरोबाचा सगुणेवर फार जीव होता. नव्या पिल्लावर तर जरा जास्तच.

पण उंबराच्या वाटेवर एक वड होता, आणि वडावर माकडं सूरपारंब्या खेळत. एकदा केरोबा सहज ओरडला, "सुटला! सुटला! अरे नाही, धरली पारंबी!" माकडांना ते भलतंच आवडलं. तेव्हापासून केरोबाचं समालोचन असल्याशिवाय खेळ सुरूच होईना. अख्खं जंगल ऐकायला जमू लागलं. खेळ संपला की उंबराकडे जायचं केरोबाच्या जिवावर येई. मग तोच म्हणे, "आणखी एक डाव होऊन जाऊ द्या!"

एके दिवशी तो ढोलीशी पोचला तेव्हा ऊन कलंडलं होतं.

"अहो, पिल्लू सकाळपासून उपाशी आहे," सगुणा फटीतून म्हणाली. "आता तर रडतही नाही."

केरोबाला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटली की सगळे करतात तेच त्याने केलं. तो सल्ला घ्यायला गेला.

संयमाबद्दल जंगलात अजगरबुवांचा शब्द अखेरचा मानत. एक भेकर गिळल्यापासून ते जागचे हलले नव्हते, आणि इतका निग्रह कुणी पाहिला नव्हता.

"खेळातून थेट कामाला जाऊ नये, बाळा," बुवा डोळे मिटूनच म्हणाले. "मन तापलेलं असतं. वाटेत एखाद्या रटाळ फांदीवर बसावं. मन निवलं की काम आपोआप गोड लागतं."

केरोबाने एक वाळकी फांदी शोधली. तिच्यावरून काहीच दिसत नव्हतं. तो बसला आणि इतका कंटाळला, इतका कंटाळला, की उंबरं तोडायला आनंदाने उडाला. पिल्लू पोटभर जेवलं.

इथे गोष्ट संपली असती. पण केरोबाने हा उपाय समालोचनात सांगितला.

दुसऱ्या दिवशी फांदीवर बसायला जागा नव्हती. अंडी उबवायचं टाळणारा बुलबुल आला, घरटं अर्धवट टाकलेला सुगरण पक्षी आला, खारींचं तर कुटुंबच आलं. सगळे मन निववत होते. साळुंकी नकला करून दाखवत होती. अशी मजा वडावरही येत नसे! केरोबाला तिथूनही उठवेना. मग या फांदीवर तापलेलं मन निववायला त्याने आणखी एक फांदी शोधली. तिथेही लोक मागोमाग आले.

घरी पोचला तेव्हा त्याच्या चोचीत एकच उंबर होतं, तेही किडकं.

आतून ठकठक ऐकू आली. चिखलाचं दार फुटलं आणि सगुणा बाहेर आली. तिला नवी पिसं फुटली होती.

"अगं, हे काय? मी बुवांच्या सांगण्याप्रमाणेच..."

"कोण बुवा? तो अजगर? अहो, त्याच्याच भीतीने आपण दार लिंपतो ना!" सगुणा म्हणाली. "जरा आत बसा. पिल्लू एकटं आहे."

केरोबा निमूट आत शिरला. पिल्लू लगेच त्याच्या पंखाखाली आलं. ते फारच हलकं लागत होतं. केरोबाला रडू आलं. डोळे पुसून पाहतो तर बाहेरून सगुणा आणि आतून पिल्लू दार लिंपत होते.

थोड्या वेळाने फटीतून उंबरं आली. रसरशीत, लालबुंद. पिल्लाने आधी खाल्ली, मग केरोबाने.

"वडावर थांबली नाहीस?" त्याने न राहवून विचारलं.

"थांबले होते की. पण माकडं नुसती वर चढत होती आणि खाली पडत होती. ओरडायला कुणी नाही, मग बघायचं काय? सगळे आपापल्या घरी गेले."

केरोबाला हे ऐकून अभिमानही वाटला आणि वाईटही.

त्या दिवसापासून जंगलातली कामं वेळेवर होऊ लागली. केरोबा तर कुठल्याच मोहाकडे फिरकेना. ढोलीसमोर त्याचा जाहीर सत्कार झाला. अजगरबुवांनी त्याला आपला पट्टशिष्य म्हटलं. बुवांचं पोट आता बरंच उतरलं होतं, म्हणून श्रोते जरा लांबच बसले होते. केरोबाने फटीतून चोच काढून आभार मानले आणि निग्रहाचं महत्त्व या विषयावर बराच वेळ भाषण केलं.

तात्पर्य : मोहापासून दूर राहायला मन खंबीर असण्याची मुळीच गरज नाही. दार पक्कं हवं, आणि ते बायकोने बाहेरून लिंपलेलं असावं.