खुंट्या ओळीत

सासऱ्यांना आज कामावर घेऊन जा, असं बायकोनं सकाळीच बजावलं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस रिकामा बसला की घराच्या भिंती तपासतो. आठवडाभरात त्यांनी तीन कपाटं वाकडी ठरवली होती आणि शेजाऱ्यांच्या फाटकालाही नावं ठेवून झाली होती. जावई नाही कसा म्हणणार? सासऱ्यांनी खिशात दोरीचं बंडल टाकलं आणि गाडीत पुढं जाऊन बसले.

जावयाचं काम म्हणजे जमिनीच्या पोटात काय चाललंय ते वरून ओळखायचं. तळ्याचा मातीचा बांध होता. त्याच्या पायथ्याशी लोखंडी खुंट्या ठोकायच्या नि त्यांतून वीज सोडायची. ओली माती वीज पटकन नेते, कोरडी अडवते. दर आठवड्याला त्याच जागी मोजायचं आणि काय बदललं ते बघायचं. ऑफिसनं खुंट्या दिल्या चोवीसच. त्या कुठं ठोकल्या तर जास्तीत जास्त कळेल, हे काढण्यात जावयाचे दोन महिने गेले. निघालं ते भलतंच. इथं पाच दाटीवाटीनं, तिथं मैदान मोकळं, आणि एक तर पार कोपऱ्यात रुसून बसलेली.

त्या कोपऱ्यातच तीन आठवडे ओल वाढत होती. जावई सांगून थकला, पण ऑफिसातल्या मोठ्या बाईंना पटत नव्हतं. आज दुपारी त्या स्वतः येणार होत्या. ओल दिसली नाही तर खुंट्या उपटायच्या आणि जावयानं पुन्हा नकाशे रंगवत बसायचं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

नेमकी यंत्राची बॅटरी बसली. जावई दुसरी आणायला गेला, त्यात दोन तास गेले. सासरे सावलीत बसून खुंट्या बघत होते. चोवीसांतली एक ओळीत असेल तर शपथ. पोरीचा नवरा, मोठ्या बाई येणार, आणि काम हे असलं! म्हाताऱ्याला राहवेना. त्यांनी दोरी ताणली, हातोडा उचलला आणि वायरींसकट सगळ्या खुंट्या अशा उभ्या केल्या, की एका डोळ्यानं बघावं तर एकच दिसावी. जुनी भोकंही बुजवली. अर्धवट काम त्यांच्या रक्तात नव्हतं.

जावई परतला तेव्हा बाई गाडीपाशी येऊन घड्याळ बघत होत्या. त्यानं खुंट्यांकडं बघितलंच नाही. बॅटरी जोडली नि बटण दाबलं. पडद्यावर बांधाच्या पोटात दोन मजली घर मावेल एवढी पोकळी आली. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तळ्याचं पाणी सोडणाऱ्या गेटवाल्याला फोन करून तळं खाली करायला सांगितलं. मग खालच्या वस्तीला फोन, मग वरच्या साहेबांना. जावई मात्र विचारात पडला. आठवड्यात एवढं? त्यानं मान वर केली. कोपरा रिकामा होता.

"मामा, कोपऱ्यातली खुंटी कुठंय?"

"ओळीत घेतली," सासरे म्हणाले. "आभार नकोत. घरचंच काम."

जावयानं बाईंना खरं ते सांगितलं: यंत्रानं खुंट्या जुन्याच जागी धरून हिशोब केला, पोकळी खोटी. बाईंनी परत सगळे फोन केले. अर्धं फिरवलेलं चाक उलटं फिरवायचं म्हटल्यावर गेटवाला जे बोलला ते शेजारी उभ्या असलेल्यांनाही ऐकू आलं. मग बाई थंडपणे म्हणाल्या, "उपटा खुंट्या."

सासऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. आपल्या हातानं जावयाचं काम बुडालं, एवढं त्यांना कळलं.

"उपटतो बाई. भोकं बुजवलीच आहेत," ते म्हणाले. "कोपऱ्यातलं तेवढं राहिलंय. चार घमेली माती खाल्ली त्यानं, तरी पाणी ओकतंय."

तिघं कोपऱ्यात गेले. भोकातून पाणी वर येत होतं, आणि त्याच्याबरोबर बांधाची बारीक माती. बाई वाकून बघेपर्यंत त्यांचे बूट भिजले. गेटवाल्याला तिसरा फोन गेला.

पुढच्या महिन्यात, बांध दुरुस्त झाल्यावर, बाई वरच्या साहेबांना काम दाखवायला आल्या. खुंट्या पहिल्या जागी परत होत्या. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि जरा ओळीत नाही का करता येणार, असं विचारलं.

जावयानं तोंड उघडायच्या आत सासरे आडवे आले.

"साहेब, तुमच्या डोळ्याला वाकडं दिसतंय. हात लावायचा नाही."

खुंट्यांना कुणी धक्का देऊ नये म्हणून त्यांनी भोवती दोरीचं कुंपण घातलं होतं. ते मात्र चारी बाजूंनी काटकोनात होतं.