धाकू परबांचं मरण आणि मोगऱ्याचा सायलेन्सर

"सायलेन्सर लावायचा की नाही, एवढंच आज ठरवायचं आहे," मुकुल पेंढारकर म्हणाला आणि सोसायटीच्या ऑफिसात जमलेल्या तिघांनी टेबलावरच्या पिस्तुलाकडे पाहिलं.

घाबरू नका. पिस्तूल पत्र्याचं होतं, टिकल्यांचं. मुलुंडच्या स्नेहदीप सोसायटीत दर सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा असते, संध्याकाळी नाटक असतं आणि नाटक संपल्यावर प्रसादाचा शिरा असतो. शिरा आधी वाटला तर नाटकाला काळं कुत्रंही थांबत नाही, म्हणून तो शेवटी. नाटक दर वर्षी वेगळं, पण मरणारा कायम एकच: तळमजल्यावरचे धाकू परब.

धाकू परबांसारखं मरणं अख्ख्या मुलुंडात कुणाला जमत नसेल. बाकीचे नट गोळी लागली की धपकन पडतात. धाकू आधी छातीकडे बघायचे, मग मारणाऱ्याकडे, मग कुणीतरी हाक मारल्यासारखं वर बघायचे आणि हळूच गुडघ्यावर बसायचे. पण नशीब बघा! एका वर्षी टिकल्या सादळल्या आणि माणूस बिनआवाजाचा मेला. पुढल्या वर्षी विंगेत कागदी पिशवी फोडायची ठरली, तर ती फुटली धाकू मरून पडल्यावर, आणि मेलेले धाकू दचकून "आयशीचो घो!" म्हणत उठून बसले. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. महिनाभर लिफ्टमध्ये पोरं विचारायची, "काका, आज कितीला मरणार?"

धाकू हसण्यावारी न्यायचे, पण त्यांना ते लागलं होतं. पुढच्या महिन्यात इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार होती. बिऱ्हाडं कुठे कुठे पांगणार, पुन्हा नाटक होणार की नाही, देव जाणे. त्यांना फक्त एकदा, एकदाच, कुणी न हसता मरायचं होतं.

"सायलेन्सर लावला की आवाजाची भानगडच मिटली," मुकुल सांगत होता. हा मुकुल बँकेत ऑफिसर, नाटकाचा लेखक-दिग्दर्शक, आणि वेबसिरीज बघून बघून वास्तववादी झालेला. "आवाजच नाही, तर तो उशिरा येणार कसा?"

"ओ साहेब, हे रिव्हॉल्वर आहे," धोंडिराम हवालदार म्हणाले. पोलिसातून रिटायर झाल्यापासून त्यांचं कुणी ऐकत नसे, त्यामुळे ते जास्तच बोलत. "ह्याला सायलेन्सर लावून काय उपयोग नाय. आवाज गोळ्यांच्या चक्रीच्या फटीतून बाहेर पडतो. आणि साध्या पिस्तुलाला लावला तरी आवाज होतोच, जरा कमी होतो एवढंच. ते सिनेमातलं फुस्स-बिस्स सगळं झूट."

"प्रेक्षकांना ती फट दिसणार आहे का?"

"त्यांना नाय, पण मला दिसणार ना!"

"सर, पण लांबीचं काय?" सिद्धेशने विचारलं. सिद्धेश म्हणजे यंदाचा खुनी. "कोटाच्या खिशातून काढायचंय मला. अडकलं तर वाट लागेल यार. आणि पुढून जड झालं की नेम हलतो."

"नेम हलला तर हलू दे," हवालदार म्हणाले. "लागणार कुणाला आहे?"

तेवढ्यात रवा किती भाजायचा ते विचारायला रुक्मिणी परब आल्या. शिऱ्याचं खातं त्यांच्याकडे. दारात उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

"आवाज नाय, तर माका कळतला कसा?"

"काय कळतला?" धाकूंनी विचारलं.

"तुमी मेलात ता!"

आता इथे थोडं सांगायला हवं. रुक्मिणीबाईंनी नवऱ्याचं एकही नाटक शेवटपर्यंत पाहिलेलं नव्हतं. खोटं असलं तरी नवऱ्याचं मरण बायकोने बघू नये, हे त्यांच्या मनात पक्कं. शेवटचा प्रवेश आला की त्या मंडपामागे शिऱ्याच्या टोपाशी जायच्या, मंगळसूत्र मुठीत धरून बसायच्या आणि आवाज झाला की सुटल्यासारखा श्वास सोडून टोप उतरवायच्या. आवाजच नसेल, तर बाई किती वेळ मूठ आवळून बसणार?

"मगे यंदा समोर येवन बस गो," धाकू हळूच म्हणाले. "बघ तरी एकदा, मी कसो मरतंय तो."

"शिव शिव शिव! कायतरीच काय बोलतास!" रुक्मिणीबाई गेल्या. दोन मिनिटांनी परत आल्या. "बरां. पयल्या रांगेत बसान. शिरो मंद गॅसवर ठेवन येतंय. पन तोंड फिरवन बसतलंय, सांगान ठेवतंय."

धाकू मुकुलकडे वळले. "लावा सायलेन्सर."

झालं! प्रश्न सुटला. सायलेन्सर म्हणून रुक्मिणीबाईंच्या देवघरातली मोगरा अगरबत्तीची गोल पुठ्ठ्याची नळी आली. तिला काळं बूटपॉलिश फासलं आणि पिस्तुलाच्या तोंडाला घट्ट बसवली. मुकुलने खुन्याला नवं वाक्यही लिहून दिलं. गोळी झाडली की सिद्धेशने थंडपणे म्हणायचं, "आवाज नाही झाला, मास्तर. कुणाला कळलंसुद्धा नाही." वाक्यावर मुकुल इतका खूश झाला, की आवाज होण्याची भीतीच नको म्हणून त्याने टिकल्यांची डबी घरी कपाटात कुलूप लावून ठेवली.

सव्वीस तारखेला मंडप खचाखच भरला. मुंबईभर पांगलेली लेकरंबाळंसुद्धा, आता घरं सुटणार म्हणून, आली होती. रुक्मिणीबाई पहिल्या रांगेत, अर्धं तोंड फिरवून, मूठ गळ्याशी. नाटक छान रंगलं. धाकू झाले होते तोरसकर मास्तर, सिद्धेश त्यांच्या इस्टेटीवर डोळा ठेवणारा पुतण्या.

शेवटचा प्रवेश आला. सिद्धेशने कोटाच्या खिशात हात घातला आणि ओढला. पिस्तूल येईना. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा जोर लावला, जिमचा पोरगा तो, तेव्हा फट्कन पिस्तूल बाहेर आलं. नुसतं पिस्तूल! सायलेन्सर खिशातच राहिला, आणि पहिल्या रांगेत मोगऱ्याचा घमघमाट सुटला.

"चक्रीची फट बघा!" धोंडिराम हवालदार शेजारच्याला सांगू लागले.

आता आली का पंचाईत! सायलेन्सर नाही म्हणजे आवाज हवा. आवाज हवा तर टिकल्या कपाटात. सिद्धेशने घोडा दाबला. टिक. घाबरून पुन्हा दाबला. टिक टिक. धाकूंना कळेना, की कितव्या टिकला मरायचं. ते तसेच उभे राहिले, हात छातीपाशी अर्ध्यावर. मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कुणी. ते हसू रांगारांगांतून पुढे सरकायला लागलं.

धाकूंचं तोंड उतरलं. मास्तरांचं नव्हे, धाकूंचं. आणि नेमकं तेच रुक्मिणीबाईंनी पाहिलं, कारण तोंड फिरवायचं त्या केव्हाच विसरल्या होत्या.

त्या ताडकन उठल्या.

"ठोऽऽ!"

असा दणदणीत आवाज त्या पिस्तुलाच्या बापानेही काढला नसता. मंडप हादरला. धाकूंनी छातीकडे पाहिलं, खुन्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं आणि हळूच गुडघ्यावर बसले. रुक्मिणीबाई मागे वळल्या, कमरेवर हात ठेवून सगळ्या रांगांवरून त्यांनी नजर फिरवली. शिरा कुणाच्या हातात आहे, हे स्नेहदीपमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. हसू जिथल्या तिथे थिजलं.

सगळं निभावलं असतं हो! पण सिद्धेशची बुद्धी केव्हाच पळाली होती, शिल्लक राहिलं होतं पाठांतर. त्याने ठोकून दिलं वाक्य: "आवाज नाही झाला, मास्तर. कुणाला कळलंसुद्धा नाही."

विंगेत मुकुलने डोक्याला हात लावला. लोकांनी गाल फुगवले, पदर तोंडात कोंबले. आता एक जण फुटला की सगळे फुटणार.

तेवढ्यात मास्तरांनी मान उचलली. हे वाक्य नाटकात नव्हतं. धाकूंनी सिद्धेशकडे पाहिलंच नाही. ते बघत होते पहिल्या रांगेकडे.

"कळलं रे," ते म्हणाले. "जिला कळायला हवं होतं, तिला कळलं."

आणि मेले.

कुणी हसलं नाही. खरं सांगतो, एकही माणूस हसला नाही. धोंडिराम हवालदारांनी टोपी काढली. पडदा पडला आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. पडद्यामागे धाकू उठेनात म्हणून मुकुल धावत गेला, तर डोळे मिटून पडलेल्या धाकूंच्या कानात पाणी ओघळत होतं.

"काका, लागलं का कुठे?"

"नाय रे. जरा पडूं दे. लय बरां वाटतासा."

मेकअप पुसून धाकू शिऱ्याच्या रांगेत उभे राहिले. लोक पाठ थोपटत होते, हात हातात घेत होते. धाकूंचं लक्ष नव्हतं. टोपाशी पोचल्यावर त्यांनी द्रोण पुढे केला.

"रुक्मिणी, तुझे लय उपकार झाले गो आज," ते म्हणाले. "तू नसतंस तर..."

"उपकार कसले?" रुक्मिणीबाईंनी वर पाहिलंही नाही. "तुमी मरल्याशिवाय नाटक सोपना नाय, नि तकडे माझो शिरो करपत होतो. म्हणान बोंबाललंय. व्हा पुढे!"

त्यांनी द्रोणात दोन डाव वाढले. धाकू बाजूला एका खुर्चीवर जाऊन बसले. समोर बायको लोकांना वाढत होती एका हाताने. दुसऱ्या हाताची मूठ अजून गळ्याशीच होती, मंगळसूत्रावर आवळलेली.

धाकूंनी शिऱ्याचा पहिला घास घेतला. शिरा जराही करपला नव्हता.