सिद्रामअण्णा आणि अख्खा माणूस

तुमचा गुडघा सध्या कुणाकडे आहे?

हसू नका. आमच्या शेजारचे सिद्रामअण्णा भेटेल त्याला हेच विचारतात. लग्नाच्या पंगतीत, रेशनच्या रांगेत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याखाली उभे राहूनसुद्धा. "गुडघा कुणाकडं हाय? आन् साखर? बीपी कुणी धरलंय?" समोरच्यानं तीन डॉक्टरांची नावं घेतली की अण्णा मान हलवतात. "म्हंजे वाटण्या झाल्या की तुमच्या! भाऊभाऊ निदान बांधावर भांडायला तरी एकमेकाला भेटतात. हे डॉक्टर तेवढंबी भेटत न्हाईत."

अण्णा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर जुन्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम उभा केला. एका माणसाचे सगळे आजार, सगळ्या गोळ्या, सगळे रिपोर्ट त्यात भरायचे. कुठली गोळी कुठल्या गोळीच्या पायात पाय घालते आणि आधी काय सांभाळायला हवं, हे तो सुचवतो. आमच्या भागातले एक डॉक्टर ते तपासतात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय अण्णा एक गोळी इकडची तिकडे होऊ देत नाहीत.

आणि अण्णांचं स्वतःचं काय? साखर आहे, बीपी आहे, प्रोस्टेट आहे. सकाळी उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा स्वयंपाकघरात ओट्यापाशी पडले, कपाळाला टाके पडले. त्यांच्या प्रोग्रॅमनं त्यांच्यासाठीही उपाय काढला होता. साऱ्या गल्लीला उपाय सांगणारा हा माणूस स्वतःचा तेवढा करत नव्हता. का, ते मला कळत नव्हतं.

खरं तर मला तो कॉम्प्युटरच पटत नव्हता. माझं लहानपण आईबाबांबरोबर पत्रकं वाटण्यात गेलं. दवाखान्यात डॉक्टर नेमा, नर्स नेमा, औषध द्या, या मागण्या मला पाढ्यांच्या आधी पाठ होत्या. मी अण्णांना तोंडावर म्हणाले, "माणसं नेमायची सोडून यंत्र आणलं की सरकार हात झटकून मोकळं होतं."

"व्हय की," अण्णा म्हणाले. "तू मोर्चा काढ. तवर सत्यम्माचे पाय सुजलेत, तेवढं बघतो."

सत्यम्मा मागच्या गल्लीतली. टॉवेलच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरता भरता तिचे गुडघे गेले. गुडघ्याच्या गोळीनं बीपी वाढलं, म्हणून दुसऱ्या डॉक्टरनं बीपीची गोळी वाढवली. त्या गोळीनं पाय सुजले, म्हणून तिसऱ्यानं लघवीची गोळी दिली. तिघेही आपापल्या खोलीत बरोबर होते आणि सत्यम्माला अंथरुणातून उठवत नव्हतं. प्रोग्रॅमनं बोट ठेवलं ते पहिल्याच गोळीवर. डॉक्टरांनी ती बंद केली, बाकीच्या बेताच्या केल्या, मीठ कमी करायला सांगितलं.

तरी बीपी हटेना. अण्णा कॉम्प्युटरवर खेकसायला लागले. त्या दिवसांत ते रोज सत्यम्माच्या ओसरीवर जाऊन बसायचे. पेपर वाचायचे, ती उठली की हात पुढे करायचे. मला वाटायचं, रिकामटेकडेपणा. एकदा तिनं त्यांना जेवायला वाढलं. आमटी अळणी, भाजी अळणी, आणि कडक भाकरीशेजारी शेंगाचटणीचा डोंगर.

"हे काय गं?"

"चटणी हाय की अण्णा."

"मीठ सोडलं म्हणालीस न्हवं?"

"सोडलं की! चटणी काय जेवणात धरतेत व्हय?"

सोलापुरात कुणीच धरत नाही. त्या दिवसापासून अण्णांच्या प्रोग्रॅममध्ये चटणीचा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि सत्यम्मा स्वतःच्या पायांनी बाजारात जाते.

मागच्या महिन्यात अण्णा पुन्हा पडले. मी त्यांना रिक्षात घालून त्याच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वैतागलेच.

"अण्णा, तुमची बीपीची गोळी आणि प्रोस्टेटची गोळी मिळून तुम्हाला पाडतायत. तुमच्याच प्रोग्रॅमनं सांगितलं, मी हो म्हटलं. मग बदल का नाही केला?"

"करू की. घाई काय हाय?"

"सुरुवातीला सोबत लागेल. सकाळी उठताना हात द्यायला, बीपी मोजायला. घरात कोण असतं?"

जगाला प्रश्न विचारणारे अण्णा छताकडे बघायला लागले. काकू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. लेक परदेशात, तिला फोनवर ते रोज "ठणठणीत" म्हणून सांगतात.

"घरात कॉम्प्युटर हाय," अण्णा म्हणाले.

कुणी हसलं नाही. सोबतीच्या एवढ्याशा अटीवर त्यांचा उपाय अडला होता, आणि हीच अट दुसऱ्यांसाठी ते दिवसदिवस ओसरीवर बसून पुरी करत होते.

"मी येईन सकाळी," मी म्हणाले.

"ही?" अण्णा उसळले. "ही मोर्चातनं घरी आली तर!"

"मोर्चा दुपारी असतो, अण्णा. चक्कर सकाळी येते."

बाहेर पडताना अण्णांनी माझ्या खांद्यावर हात टेकला आणि सगळ्या पायऱ्या उतरून होईपर्यंत काढला नाही.

आता रोज सकाळी मी जाते. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्यात, अंधारी कमी झालीय. आम्ही भांडतो. डॉक्टर नेमलेच पाहिजेत, आणि असा प्रोग्रॅम सरकारी दवाखान्यात फुकट मिळाला पाहिजे, हे मी अजून ओरडून सांगते. अण्णा म्हणतात, "वरड, पण आधी बीपी मोज."

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या गल्लीत एकटं राहणारं कुणी असेल, तर उद्या त्यांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा. ती पिशवी आणि ते माणूस, दोन्ही घेऊन एका डॉक्टरसमोर बसा. आणि डॉक्टरांनी "घरात कोण असतं?" असं विचारलं, की त्यांना छताकडे बघायला लावू नका. आधी तुम्ही बोला.