पाठमोरी पुस्तकं

लिस्बेटने भिंती पांढऱ्या केल्या तेव्हा टागे गप्प बसला. पडदे, सोफा, कुंड्या, भांडी घासायचा ब्रशसुद्धा पांढरा आला, तरी त्याने हूं की चूं केलं नाही. पण पुस्तकांच्या रंगीत पाठी डोळ्यांत खुपतात म्हणून तिने सगळी पुस्तकं उलटी फिरवली आणि पानांच्या पांढऱ्या कडा बाहेर काढल्या, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"अगं, मग एखादं पुस्तक सापडायचं कसं?"

"तू शेवटचं कधी शोधलं होतंस?" लिस्बेट म्हणाली, आणि विषय मिटला.

टागेचा जीव खरं तर खुर्चीत अडकला होता. वडिलांच्या वेळची त्याची हिरवी आरामखुर्ची 'रंगात बसत नाही' म्हणून बाल्कनीत हद्दपार झाली होती. कोट-टोपी घालून तो बिचारा तिच्यात बसून पेपर वाचायचा. स्वीडनमधल्या त्यांच्या ओरेब्रू गावात बर्फ पडू लागलं की खुर्चीचं वाटोळं ठरलेलं. बाल्कनीला काचा लागल्या तरच ती वाचणार होती, आणि काचांची परवानगी सोसायटीचे अध्यक्ष रागनवाल्ड यांच्या हातात होती.

रविवारी रागनवाल्ड स्वतःच दारात उभे राहिले. न कळवता कुणाकडे जाणं या गावात कुणी करत नाही, म्हणजे काम मोठंच असणार. बूट काढून ते मोज्यांवर आत आले.

"काचांचं बघू नंतर," ते म्हणाले. "मी उन्हाळ्यात पुस्तक छापून सगळ्या घरांत वाटलं होतं. अळंबीवरचं. वाचलंत?"

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. पुस्तक त्यांनी उघडलंही नव्हतं.

"दोनदा!" टागे म्हणाला.

"मला तर रडू आलं," लिस्बेटने भर घातली.

रागनवाल्डांचा चेहरा पडला. स्तुती कमी पडली असं टागेला वाटलं. मुखपृष्ठावर पिवळी अळंबी होती, एवढंच त्याला आठवत होतं. "आणि ते पिवळ्या अळंबीचं प्रकरण! वा! मला तर पाठच झालंय."

"पाठ?" रागनवाल्ड मटकन खाली बसले. "काचांचं काही जमेलसं दिसत नाही. जरा आणा ते पुस्तक."

टागे कपाटाकडे धावला. समोर नुसत्या पांढऱ्या कडा. पहिला हात मारला तर पाककृती निघाल्या. मग कुत्र्याला शिस्त लावायचं पुस्तक आलं, जे कुत्रा मेल्यावरही घरात राहिलं होतं. मग 'तापट शेजारी कसा हाताळावा'. ते त्याने घाईघाईने परत कोंबलं. लिस्बेट पाहुण्यांच्या बशीत दालचिनीचे बन वाढत सुटली.

"ही पुस्तकं अशी पाठमोरी का?" रागनवाल्डांनी विचारलं.

"शांत वाटतं," लिस्बेट म्हणाली.

"आणि यातून तुम्ही माझं पुस्तक दोनदा शोधून काढलंत?"

टागेने आणखी दोन पुस्तकं उपसली. "नाही हो वाचलं! खोटं बोललो. खुर्चीपायी बोललो, ती बर्फात मरेल हो माझी!" आणि नेमकं तेव्हाच पुस्तक त्याच्या हाताला लागलं. वरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं.

रागनवाल्डांनी ते प्लास्टिक दिव्याखाली धरून नीट तपासलं. मग त्यांनी डोळे पुसले.

"सुटलो बाबा! अहो, लिहिण्याच्या ओघात मी जंगलातली आमची पिवळ्या अळंबीची जागा लिहून बसलो. कुठे वळायचं, कुठल्या खडकामागे बघायचं, सगळं! आजीपासून जपलेली जागा. काल बायकोने वाचलं, तेव्हापासून ती बोलत नाही माझ्याशी."

आता टागेला उलगडलं. इथली माणसं एक वेळ बायकोचं वय सांगतील, पण पिवळ्या अळंबीची जागा सख्ख्या भावाला सांगत नाहीत.

"बाकीच्यांनी वाचलं असेल तर?"

"छे! सगळ्या प्रती परत घेऊन आलो, तुमचंच घर राहिलं होतं. अख्ख्या इमारतीत एकानेही उघडलेलं नाही!" रागनवाल्ड खुशीत उठले. "काचा उद्याच लावा, मी सही करतो."

दाराशी जाऊन त्यांनी एक बूट घातला आणि दुसरा हातातच राहिला.

"एकानेही नाही," ते पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज बारीक झाला होता. "पहिल्या प्रकरणात तर जागाबिगा काही नव्हतं. ते वाचायला काय हरकत होती?"

टागेला फार वाईट वाटलं. त्याने त्यांच्या हातातला बूट काढून घेतला, त्यांना बाल्कनीत नेऊन हिरव्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः उपड्या कुंडीवर बसला. लिस्बेट कॉफी घेऊन आली आणि कठड्याला टेकून उभी राहिली.

"वाचून दाखवा," टागे म्हणाला. "आम्ही ऐकतो."

रागनवाल्डांनी प्लास्टिक फाडलं, घसा साफ केला आणि दोघांकडे संशयाने पाहिलं.

"पिवळ्यांचं प्रकरण गाळून वाचेन हं."