पुलाच्या मधल्या गाळ्याची हकीकत

श्री कुलस्वामिनी पाठीशी असो, नदीमाई साक्षीस असो, वाचणाराचे आणि ऐकणाराचे घरी देवापुढला दिवा तेवता असो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, ते समयी एके मुलुखी जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. मुलुखाचे नाव कागदावर घातले नाही, कारण घातल्यास दुसरे मुलूख सुखावतील की बरे जाहले, ही आमची गोष्ट नव्हे. त्या खेपेस मुलुखाची गादी स्त्रियांकरिता राखीव जाहली. आबासाहेब म्हणोन थोर मुत्सद्दी, ज्यांचे घरी गादी पाळीव मांजरासारखी वर्षानुवर्षे नांदत होती, त्यांस मोठी चिंता पडली. मग त्यांनी आपले थोरले बंधू, जे कैलासवासी जाहले होते, त्यांचे कुटुंब सगुणाक्का यांस पुढे करून अध्यक्षपदी बसविले आणि बोलिले, "वहिनीसाहेब, तुम्ही नुसतं बसायचं. बाकीचं बघायला आम्ही आहोत." सगुणाक्का सोज्वळ बाई. आवाज इतका मऊ की माजघरात बोलल्या तर ओसरीवर कळू नये. पहाटे स्नान, तुळशीस प्रदक्षिणा, पोथीचा अध्याय, आणि भर दुपारी देवास नैवेद्य दाखवीतोवर मौन. हा मौनाचा नेम पती निवर्तले तेव्हापासून एके दिवशीही मोडिला नव्हता.

आता त्या मुलुखाचे मधून नदी वाहे, आणि पूल नव्हता. पैलतीरची रयत गुळाचे काहिलीत बसोन अलीकडे येत असे. हरि हरि, ज्या काहिलीत रस उकळावा त्या काहिलीत माणसे बसत, आणि एक जण वल्हे मारी आणि बाकीचे देवाचे नाव घेत. सगुणाक्कांची एकुलती लेक मंजुळा पैलतीरीच दिली होती. गेले श्रावणात तिला अवेळी कळा लागल्या, आणि तिला काहिलीत घालून दवाखान्याकडे आणू लागले, आणि काहील भोवऱ्यात सापडोन गरगरत राहिली, आणि काठावर लागेतो फार उशीर जाहला. मंजुळा वाचली, बाळ वाचले नाही. ते दिवशी सगुणाक्कांनी नदीची ओटी भरोन संकल्प सोडिला की, या नदीवर पूल होऊन मी अनवाणी पैलतीरी चालत जाईन तेव्हाच भाताचा घास घेईन. तेव्हापासून भाकरीवर राहिल्या. पुढे मार्गशीर्षात कळले की मंजुळेस पुन्हा दिवस राहिले, आषाढात बाळंत व्हावयाची. माऊलीने निरोप धाडिला की पावसाआधीच माहेरी येऊन राहा. लेकीने उलट निरोप धाडिला, "आई, तुझी लेक येईल गं. बाकीच्यांच्या लेकींनी कुणाच्या घरी यायचं?"

पुलाचा हुकूम तर चैत्रातच सुटला होता. खजिन्यात ऐवज पुरेना, म्हणोन मुलुखाने रोखे काढिले, की रयतेने आज पैका द्यावा, आणि पुढे पुलावर जी जकात जमेल तीतून व्याजासह परत घ्यावा. पैलतीरच्या बायांनी बचत गटांतील पुंजी आणोन हे रोखे घेतले. आणि आश्चर्य ऐसे की पुलाआधी जकातनाका उभा राहिला, दोन्ही तीरी, रंगीत आडव्या दांडीसह. मग कामे देण्याची वेळ आली. मुलुखाचा कायदा ऐसा की, अमुक रकमेवरील काम असल्यास त्याची दवंडी साऱ्या जगात पिटावी, मोहोरबंद लिफाफे मागवावे, सर्वांसमक्ष फोडावे, आणि योग्य भावाने करील त्यास द्यावे. त्या रकमेखालील काम मात्र ओळखीच्या तिघांचे भाव मागवोन घरचे घरी देता येई. हा कायदा आबासाहेबांनी लक्षपूर्वक वाचिला, आणि मुख्य कारभारी विश्वंभरपंत यांस बोलावोन विचारिले, "पंत, पूल रकमेच्या वर जातो म्हणता?" पंत बोलिले, "फारच वर जातो, साहेब." आबासाहेब बोलिले, "मग पूल कशाला म्हणता? खांब म्हणा. कठडा म्हणा." मग पंत पुलाचे तुकडे पाडिते जाहले. कोणास एक खांब दिला, कोणास दुसरा, कोणास नुसता पाया, कोणास कठडा, कोणास कठड्याचा रंग. मेहुणे, भाचे, व्याही, व्याह्यांचे भागीदार, सर्वांस यथाशक्ति पूल मिळाला. तपासणीची सेवाही ऐसीच तुकड्यांनी विकत घेतली. खांब तपासणारा खांब पाही, रंग तपासणारा रंग पाही, आणि आपापले खाली सही करी. सबंध पूल पाहण्याचे काम मात्र कोणासही दिले नव्हते.

यात एक अडचण निघाली. नदीचे ऐन धारेवरील मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधील पूल, लांब आणि जड, तो एकसंधच बसवावा लागे, त्याचा तुकडा पडेना. एकट्याची किंमतच रकमेच्या वर जाई, म्हणजे दवंडी पिटणे आले, आणि मग कोण परका येऊन घुसेल याचा नेम नाही. तेव्हा "मधल्या गाळ्याचा विषय पुढील सभेत घ्यावा" ऐसे ठरले, आणि प्रत्येक सभेत तेच ठरत गेले. सभा सकाळी भरे. पूर्वी ती दुपारी जेवण करोन भरत असे, परंतु आबासाहेबांनी गादी वहिनीस देताच वेळ फिरविली. सगुणाक्का मधोमध बसत, हाती जपमाळ, मुखी मौन. पंत वाचीत, "खांबाचे काम साहेबांचे भाच्यास द्यावे. हरकत कोणाची?" सर्व जण बाक वाजवीत. पंत अध्यक्षांकडे पाहात, क्षणभर थांबत आणि लिहीत, "अध्यक्षांची हरकत नाही." सगुणाक्कांस वाटे, मुलुखाचे काम पुढे चालले, देवाची कृपा. दुपारी नैवेद्य होऊन मौन सुटे, तोवर सभा सुटोन जाई आणि दालनात चहाचे रिकामे कप तेवढे उरत.

माघात तान्हूबाई सुईण सकाळीच वाड्याचे दारी आली. ही पैलतीरची, मंजुळेचे वेळी काहिलीत हीच होती. दारवान तिला अडवू लागला, "अक्कासाहेबांचं मौन आहे, दुपारी ये." तान्हूबाई बोलिली, "मौन त्यांचं हाय, माझं न्हाई. मला पुलाचं बोलू दे की!" तो गलका ऐकोन सगुणाक्का पोथीवरोन उठल्या, सज्जात आल्या, आणि हाताने खूण केली की थांब, मागाहून. तान्हूबाईने हात जोडिले आणि मान हलवोन गेली, कारण एक बाई अडली होती आणि दुपारपर्यंत थांबणे तिला शक्य नव्हते. ते दुपारी सगुणाक्कांस रुखरुख लागली, आणि त्यांनी आबासाहेबांस विचारिले, "भाऊजी, मधलं काम अजून दिसत नाही हो." आबासाहेब हासोन बोलिले, "वहिनीसाहेब, ते कारखान्यात तयार होतं. आणायचं नि वर ठेवायचं. तुमच्या देव्हाऱ्यात पाट ठेवता ना, तसं." मग पुलाचे मध्यभागी दोन्ही अंगांनी हिरवे कापड लागले, वरून फुलांच्या माळा सुटल्या, आणि आत काम चालले आहे ऐसे सर्वत्र सांगितले गेले. माऊलीने विश्वास ठेविला.

फाल्गुन मासी उद्घाटनाचा मुहूर्त सकाळचाच काढिला. रोख्यांचे अटीत ऐसे लिहिले होते की पूल पुरा जाहल्याचा दाखला होताच ठेकेदारांचे राहिलेले पैसे मोकळे व्हावे, आणि दाखल्यावर अध्यक्षांची संमती पाहिजे. अलीकडील टोकास मंडप, सनई, जिलेबी. फीत तेथेच बांधिली होती. सगुणाक्कांनी फीत कापिली, टाळ्या जाहल्या, आणि आबासाहेब म्हणो लागले, "चला, आता फराळाला चला." परंतु सगुणाक्का मंडपाकडे वळल्या नाहीत. चपला काढिल्या, ओटीचे ताट घेतले, आणि पुलावरून चालो लागल्या, कारण संकल्प पैलतीरी चालत जाण्याचा होता, फीत कापण्याचा नव्हता. आबासाहेबांस ही गोष्ट ठाऊकच नव्हती, घरात भाताचे ताट कोण नाकारते इकडे त्यांचे लक्ष कधी गेलेच नव्हते. "अहो वहिनीसाहेब! ऊन आहे! पाय भाजतील!" ऐसे ओरडत ते मागे धावले, आणि पंत त्यांचे मागे धावले, आणि सनईवाल्यास कोणी थांब म्हणेना म्हणोन तो वाजवीतच राहिला. सगुणाक्का हिरव्या कापडाजवळ पोचल्या आणि एका हाताने पडदा सारिला. तोच खालोन नदीतून आरोळी आली, "अक्का, थांबा! फुडं पूल न्हाई, आभाळ हाय!" खाली काहिलीत तान्हूबाई उभी होती आणि दोन्ही हात हालवीत होती.

देवा रे देवा! पुढे काहीच नव्हते. अलीकडील पूल येथे संपला होता, पलीकडील पूल तेथे सुरू जाहला होता, आणि मध्ये वारा वाहात होता. कडेला कठडा मात्र रंगवोन पुरा केला होता, थेट शेवटल्या टोकापर्यंत. पलीकडील टोकावर लेक मंजुळा सुवासिनींसह आरती घेऊन आईची वाट पाहात उभी होती. पैलतीरचे लोकांस मधले रिते पूर्वीच दिसत होते, परंतु त्यांस सांगितले होते की पडद्याआड रातोरात बसले. त्यांनीही आपल्या बाजूचा पडदा आताच सारिला होता. माय इकडे, लेक तिकडे, आणि दोघींचे हाती ताट. सगुणाक्कांचे ताटातील खण खाली पडला आणि हेलकावे घेत नदीत गेला. इतक्यात आबासाहेब धापा टाकीत पोचले आणि हळूच बोलिले, "वहिनीसाहेब, हे तेवढं राहिलंय. पुढच्या सभेत घेतो." पंतांनी दाखला पुढे केला आणि म्हणाले, "अक्कासाहेब, सगळी कामं पुरी झाली आहेत. दिलेलं एकही काम अपुरं नाही. आपलं मौन आहे, ठाऊक आहे. बोलायची तसदी नको. हरकत नाही असंच लिहितो." आणि लेखणी उघडोन लिहू लागले.

तेव्हा सगुणाक्का बोलिल्या. सूर्य माथ्यावर यावयास अवकाश होता, देवास नैवेद्य दाखविला नव्हता, आणि तरी बोलिल्या. "हरकत आहे."

आवाज नेहमीसारखाच मऊ होता, परंतु पंतांचे हातची लेखणी थांबली. आबासाहेब म्हणाले, "अहो, नेम मोडला तुमचा!" सगुणाक्का म्हणाल्या, "मोडला. देवाची क्षमा मी मागेन. माझ्या गप्प बसण्यावर तुम्ही इतके दिवस खांब उभे केलेत, ते मला कळलं नाही, त्याचीही मागेन." मग पंतांकडे वळोन विचारिले, "सभा कुठे भरवायची हे कोण ठरवतं?" पंत चाचरत बोलिले, "अध्यक्ष." "मग लिहा. यापुढे प्रत्येक सभा पैलतीरी भरेल, शाळेच्या पडवीत. आणि येताना सगळ्यांनी पैलतीरचे लोक येतात तसं यायचं." आबासाहेब उसळोन बोलिले, "काहिलीतून?" खालोन तान्हूबाईने उत्तर दिले, "या की साहेब! जागा हाय. पोट जरा आत घेऊन बसा म्हंजे झालं!" सनईवाला तेव्हा कोठे थांबला.

मग मुलुखाचे मोठमोठे मानकरी काहिलीत बसो लागले. कोणी डोळे मिटून बसे, कोणी काठ घट्ट धरी, आबासाहेबांनी तर पहिल्याच दिवशी इतक्या देवांची नावे घेतली की तान्हूबाई म्हणाली, "पुजारी व्हायचं सोडून राजकारणात कशाला आला वो?" जो सभेस न येई त्याचे भागातील बिल मंजूर न होई, म्हणोन न येऊन चालेना. दुसरे सभेत आबासाहेबांची काहील भोवऱ्याचे काठाशी जराशी फिरली, आणि ते उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा फटक पडला होता. ते पडवीत खांबास टेकोन बसले, आणि वहिनीकडे न पाहता पुसो लागले, "मंजुळेला... त्या वेळी... यातनंच आणली होती?" सगुणाक्कांनी नुसती मान हालविली. त्याच सभेत मधल्या गाळ्याची दवंडी पिटण्याचे मंजूर जाहले आणि बाक वाजले नाहीत. लिफाफे साऱ्या जगातून आले, ते रयतेसमक्ष शाळेचे पटांगणात फोडिले, आणि काम कोणा परक्या माणसास गेले, ज्याचे या मुलुखी कोणीही नात्याचे नव्हते. गाळा ज्येष्ठात बसला. पडदा लाविला नाही, लोक काठावर बसोन पाहात होते. तो नीट बसला की नाही हे पाहण्याचे काम सगुणाक्कांनी स्वतःकडे घेतले, आणि अनवाणी चालत पैलतीरी गेल्या, आणि लेकीचे हातचा दहीभात खाल्ला. आषाढात पाणी दोन्ही काठ सोडोन चढले, ते दिवशी मंजुळेस कळा लागल्या, आणि ती गाडीत बसोन पुलावरून आली. जकातनाक्यावरील दांडी वर होती. मुलगी जाहली, धडधाकट, आवाज आजीहून दसपट मोठा.

एवंच हकीकत. पूल आहे, जकात जमते, बायांचे रोखे हळूहळू फिटत आहेत. सगुणाक्कांनी मौनाचा नेम सोडिला नाही, वेळ फिरविली, आता दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत मौन असते. परवा सभा सुटताना आबासाहेबांनी सहज विचारिले की, दिवस लहान होत चालले, सभा जरा दिवे लागल्यावर घेतली तर कसे. सगुणाक्का हासल्या आणि बोलिल्या, "घ्या की भाऊजी. पण मग काहिलीतूनच या." ते ऐकोन आबासाहेब घाईने चपला शोधू लागले.